ठाऊक असलेला चेंडू

न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की माणसाला स्वतःचं तोंड चुकवता येत नाही. नासारियो बुएल्ना एरवी आरशाच्या वाटेला फारसा जात नसे. चाळिशीला टेकलेल्या बेसबॉलच्या पिचरने आरशात बघायचं तरी काय? पण संध्याकाळी चेंडू टाकायची पाळी येण्याचा संभव असेल त्या दिवशी सकाळी बंदराजवळच्या कुकोच्या दुकानात दाढी करून घ्यायची हा त्याचा नेम होता, आणि ग्वायमासमध्ये हिवाळ्याचे सामने सुरू झाले की असे दिवस पुष्कळ येत. म्हाताऱ्या कुकोने साबण फासला. वस्तरा नीट चालावा म्हणून बुएल्नाने सवयीने उजव्या गालात जीभ दाबून गाल फुगवला. मागच्या बाकावर एन्सिनास आपली पाळी येण्याची वाट बघत बसला होता. हा एके काळचा माझात्लानच्या संघाचा नावाजलेला फलंदाज, आता बायकोच्या गावी राहून होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. त्याने पेपर खाली केला, आरशात बघितलं आणि म्हणाला, "जपून रे कुको. वळणारा येतोय."

कुको हसला. शेजारच्या खुर्चीतला कस्टमचा कारकून फेसातून हसला. विनोद जुना असावा असं ते हसणं होतं, पुष्कळदा हसून झालेलं.

"कसला वळणारा?" बुएल्नाने विचारलं.

"तुझा, दुसऱ्या कुणाचा?" एन्सिनास म्हणाला. "वळणारा चेंडू टाकायच्या आधी गाल फुगवतोस की तू. गोळी चघळतोयस असा. आणि सरळ टाकायचा असला की तोंड मिटलेलं, चर्चमध्ये मिस्साला बसल्यासारखं." मग आरशात त्याला बुएल्नाचे डोळे दिसले असावेत, कारण त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. "म्हणजे डावऱ्या, तुला ठाऊक नव्हतं?"

"डोकं सरळ," कुको म्हणाला, आणि त्याने वस्तरा गालावरून खाली ओढला.

बाहेर ऊन होतं, डिसेंबरातलं, अंगाला न लागणारं. कोळंबीच्या होड्या धक्क्याला लागल्या होत्या आणि पेलिकन पक्षी त्यांच्या भोवती फुकट्या पाहुण्यांसारखे बसून होते. बुएल्ना पाण्याच्या कडेकडेने चालू लागला. त्याला राग आला नव्हता. राग यायला कोणी तरी काही तरी केलेलं असावं लागतं. इथे तर कोणी काहीच केलेलं नव्हतं, आणि तेच त्याला कळत नव्हतं. त्याने चालता चालता जीभ गालात नेऊन बघितली. ती आपल्या जागी जाऊन बसली, मुकाट, गोठ्यात शिरणाऱ्या म्हशीसारखी. वर्षानुवर्षं ही जीभ त्याच्याच तोंडात राहून जगाला त्याच्या पोटातलं सांगत होती आणि त्याला पत्ता नव्हता. हातातला चेंडू हातमोज्याआड लपवायचा, बोटं कशी धरली आहेत ते कुणाला दिसू द्यायचं नाही, सख्ख्या भावालाही नाही, हे तो यॅकी नदीच्या खोऱ्यात गव्हाच्या शेतातल्या कालव्याकाठी ओल्या मातीचे गोळे फेकत होता तेव्हापासून शिकला होता. बोटं त्याने जन्मभर लपवली आणि तोंड उघडं टाकलं.

तसं बघितलं तर सांगायला एकच माणूस आला होता. पण ते आता कळत होतं. विशीत असताना क्लबने त्याला उत्तरेत विकलं होतं, पलीकडच्या देशातल्या एका मोठ्या संघाच्या लहान शाखेला. मक्याच्या शेतांच्या मधोमध एक गाव, संध्याकाळी डास, आणि जेवायला सगळ्यावर गोड रस्सा. तिथला लाल मानेचा प्रशिक्षक एके दिवशी त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला, आपल्या उजव्या गालावर बोटाने टकटक करून काही तरी सांगू लागला, आणि बुएल्ना मान डोलावत राहिला. त्या उन्हाळ्यात तो सगळ्यालाच मान डोलावत होता. प्रशिक्षकाने पुन्हा टकटक केली, कपाळाला आठ्या घातल्या, तोंड उघडून आत बोट दाखवलं. बुएल्नाला वाटलं, ह्याला वाटतंय माझी दाढ दुखते आहे. नाही म्हणायला शब्द नव्हते आणि नाही म्हणायची पद्धतही त्याच्या घरात नव्हती. वडीलधारं माणूस काळजीने काही विचारतंय तर हो म्हणावं. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी क्लबच्या माणसाने त्याला गाडीत घालून दाताच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने आत बघून खांदे उडवले आणि वरची एक चांगली, ठणठणीत दाढ उपटून काढली. प्रशिक्षकाने नंतर त्याचा सुजलेला गाल बघितला, आणि पुन्हा कधी त्याने गालावर टकटक केली नाही. उन्हाळा संपला, उत्तरेने त्याला परत पाठवून दिलं. दाढेच्या जागी खड्डा राहिला. जिभेला बसायला हक्काचा पाट मिळाला.

ही गोष्ट त्याने आजवर किती तरी बैठकांत हसत हसत सांगितली होती, गोऱ्यांच्या मूर्खपणाची म्हणून. आता चालता चालता ती उलटी झाली: मूर्ख गोरा नव्हता.

पण दाढ गेली, उत्तरेतली जागा गेली, ह्याचं त्याला आताशा दुःख नव्हतं. त्याच्याजवळ एक वस्तू होती. पिचर लोक जिला कोरा सामना म्हणतात ती: अख्ख्या सामन्यात समोरच्या एकाही फलंदाजाला धड फटका मारू द्यायचा नाही. बहुतेक पिचर हिच्याशिवायच म्हातारे होतात. बुएल्नाला ती एकदा मिळाली, ह्याच गावात, ह्याच मैदानावर, तिशीच्या अलीकडे. उन्हाळ्यात दक्षिणेतले सामने, हिवाळ्यात इकडचे, मधे बस आणि बसमधली झोप, असं सगळं आयुष्य एका बाजूला आणि ती एक दुपार एका बाजूला. असा सामना रंगत आला की पिचरशी कोणी बोलत नाही. बाकावर त्याच्या शेजारी कोणी बसत नाही, पाण्याचा पेलासुद्धा दुसरीकडे बघत पुढे करतात. काय चाललं आहे ते कोणी उच्चारलं की झालं, दृष्ट लागली. त्या दुपारी तो सगळ्यांच्या मधे असा एकटा बसला होता आणि त्याला आपण फार मोठ्या घरात राहायला आल्यासारखं वाटलं होतं. शेवटचा फलंदाज एन्सिनास होता. शेवटचा चेंडू वळणारा होता. एन्सिनासची बॅट हवेतून गेली, तिसऱ्यांदा, आणि तो बाद झाला. त्या क्षणाचा फोटो अजून बाजारातल्या खानावळीत भिंतीवर आहे.

वळणारा होता आणि एन्सिनासला ठाऊक होतं. मग ती दुपार कुणाची?

घरी देल्फिना गव्हाच्या पातळ पोळ्या लाटत होती. म्हणजे लाटणं नाही, हातावर पसरायच्या, रुमालाएवढ्या, आरपार दिसतील अशा. तिने त्याच्या पुढ्यात वाळवलेल्या मांसाची अंड्यातली भाजी ठेवली आणि पाठ वळवली. तो जेवू लागला. जेवताना जीभ कुठे कुठे जाते हे तो बघत होता, त्यामुळे घास फिरू लागला.

"देल्फिना, मी वळणारा टाकतो तेव्हा माझं तोंड कसं होतं?"

तिचे हात थांबले नाहीत. पण पोळी पसरायची थांबून एकाच जागी फिरू लागली.

"कोण म्हणालं?"

"एन्सिनास."

"त्या मेल्याच्या तोंडाला टाळाच नाही." तिने पोळी तव्यावर टाकली. "होतं थोडंसं. सुपारी धरल्यासारखं."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"माझ्या बापाकडे मला मागायला आला होतास ना? बाप म्हणाला, पैसाअडका काय साठवला आहेस? तू म्हणालास, आहे की बँकेत. आणि हा गाल टम्म. मी दाराआड उभी होते. आईला म्हटलं, ह्याच्याकडे दमडी नाही."

"आणि तरी हो म्हणालीस?"

"दमडीशी लग्न करायचं होतं का मला?"

ती हसली, पण तो हसला नाही. तो मागे जाऊ लागला होता, एकेक घर, एकेक टेबल. हे फक्त चेंडूपुरतं नव्हतं तर. काही पोटात ठेवायचं असलं की ही जीभ जाते. तो उन्हाळ्यातल्या सामन्यांहून परत येत असे आणि देल्फिना त्याला जेवायला वाढून समोर बसत असे, आणि तो तिकडच्या गोष्टी सांगत असे. एक उन्हाळा तर असा होता की त्याच्या गोष्टी निम्म्या खऱ्या नव्हत्या. त्या वर्षी ती त्याच्या समोर बसली नव्हती. तिने वाढलं आणि ती पाठ करून भांडी घासत बसली, आणि तो सांगत राहिला. तेव्हा त्याला वाटलं होतं, बरं झालं, हिचं लक्ष नाही.

"देल्फिना," तो म्हणाला, "व्हेराक्रूझच्या त्या उन्हाळ्यानंतर..."

"जेव," ती म्हणाली. "गार होतंय."

त्याला तिच्यापुढे लाज वाटली आणि तिच्याबद्दल माया दाटून आली, दोन्ही एकदम. पण दोन्हीपैकी काहीच बोलण्याच्या कामाचं नव्हतं. त्याने पोळीने ताटली पुसून घेतली आणि उठला.

एन्सिनासचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. आत होड्यांची इंजिनं पिंपात उलटी टांगलेली, तेलाचा वास, आणि त्या वासात मिसळलेला शेजारच्या कारखान्यातल्या माशांचा वास. तो बोटं पुसत बाहेर आला. सकाळपासून तो ह्याची वाट बघत असणार, हे दिसत होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मला वाटलं, एवढी वर्षं झाली, तुला कोणी तरी सांगितलंच असेल. तुझे चेंडू झेलणाऱ्या ताचोने तरी."

"तू कुणाकुणाला सांगितलंस?"

"खेळत होतो तेव्हा? कुणालाच नाही. वेडा आहेस का? असं काही दिसलं तर फलंदाज ते देवालासुद्धा सांगत नाही. सगळ्यांना कळलं असतं तर सगळ्यांनी तुला बडवला असता, क्लबने तुला हाकलला असता, मग मी काय खाल्लं असतं? दुभती गाय कोणी कापतं का?" तो जरा हसला. "खेळ सोडल्यावर सांगितलं. कुकोकडे. गंमत म्हणून."

बुएल्ना उभाच होता. त्याला जे विचारायचं होतं ते तोंडाशी येऊन उभं राहिलं होतं, आणि विचारलं की परत घेता येणार नाही हे त्याला कळत होतं.

"त्या दुपारचा शेवटचा."

"हं."

"तो ठाऊक होता तुला?"

"होता की. मोजा खाली आला, गाल दिसला. वळणारा."

"मग?"

"मग काय? फिरवली बॅट. तिथे चेंडू नव्हता."

"मुद्दाम?"

एन्सिनासने फडकं खांद्यावर टाकलं. "कुणासाठी? तुझ्यासाठी? तू माझा कोण लागत होतास? अरे, तो फटका लागता तर दुसऱ्या दिवशी पेपरात माझं नाव असतं. कोरा सामना बुडवणारा एन्सिनास. असली संधी सोडतं का कोणी?"

"तुमची बस उभी होती. तुम्ही हरलेलेच होतात. उकडत होतं."

"बस रोजच उभी असायची, डावऱ्या."

तो खरं बोलत होता का? बुएल्ना त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. ओठ, कपाळ, नाकाच्या बाजूची सुरकुती, कुठे काही हलतं का. एन्सिनास भला माणूस होता. बुएल्नाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला त्याने टोपलीभर खेकडे पाठवले होते आणि स्वतः आला नव्हता, आपण गेलो तर हरल्याची आठवण निघेल म्हणून. असा माणूस खोटंही बोलू शकतो, आणि चांगलं खोटं बोलू शकतो. जन्मभर लोकांनी बुएल्नाचं तोंड वाचलं होतं. दुसऱ्याचं कसं वाचायचं हे शिकायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. त्याला काही दिसलं नाही. तेल लागलेला एक ओळखीचा चेहरा, बस्स.

"ये बस, बियर घे," एन्सिनास म्हणाला.

"आज पाळी येईल," बुएल्ना म्हणाला आणि निघाला.

मैदानावर तो लवकर पोचला. अजून पाणी मारायचं चाललं होतं, ओल्या मातीचा वास सुटला होता. भिंतीलगत पिचरांनी हात गरम करायची जागा होती, तिथे ताचो उकिडवा बसला होता. ताचो त्याचा जुना कॅचर. पिचरच्या समोर पायांवर बसून बोटांच्या खुणांनी कुठला चेंडू हवा ते सांगणारा, आणि तो झेलणारा. आता गुडघे गेले होते, म्हणून क्लबने त्याला पिचरांचा प्रशिक्षक केला होता. तरी बुएल्नासाठी तो अजून मोजा घालून खाली बसत असे, कुरकुरत.

बुएल्नाने जीभ दातांच्या मागे दाबून धरली आणि वळणारा टाकला. चेंडू गेला आणि वळला नाही. नुसता तरंगत गेला, लग्नात फेकलेल्या फुलासारखा. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. त्याने दातांत जीभ चावून धरली. चेंडू ताचोच्या डोक्यावरून भिंतीवर आपटला. मग त्याने सोडून दिलं, जीभ गेली जिथे जायची तिथे, आणि चेंडू आला, आला, आणि ऐन वेळी जिन्याची पायरी चुकल्यासारखा खाली पडला.

ताचो चेंडू हातात धरून उठला. गुडघे कटकट वाजले.

"कुणी सांगितलं?"

"तू का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर हेच झालं असतं. आत्ता केलंस ते." ताचोने जमिनीवर थुंकून घेतलं. "मी तुला मोजा तोंडापुढे धरायला लावला. आठवतं? म्हटलं, धूळ जाते तोंडात. तेवढंच करता येत होतं. हात सुटताना मोजा खाली यायचाच. म्हणून मी वळणारा मागायचो तो बघून मागायचो. फलंदाज दमलेला, सूर्य त्याच्या डोळ्यांत, किंवा तो नवा, ज्याने तुला कधी बघितलेलंच नाही. जुन्या खोडांना मी सरळ टाकायला लावायचो. तुला वाटायचं, ताचो भित्रा आहे."

"वाटायचं."

"वाटू दिलं."

बाकीचे पिचर येऊ लागले होते. ताचो आवाज खाली आणून म्हणाला, "कोऱ्या सामन्यात बोलत नाहीत ना, तसं. फक्त लांबलं जरा."

बुएल्नाला ते घर आठवलं, सगळ्यांच्या मधोमध एकट्याने बसायचं ते मोठं घर. तो त्यातून कधी बाहेर आलाच नव्हता. बायको दुसरीकडे बघत वाढत होती, कॅचर दुसरीकडे बघत झेलत होता, गावाने दुसरीकडे बघत टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांनी हे प्रेमाने केलं होतं ह्यात त्याला शंका नव्हती. त्याने ताचोच्या हातातला चेंडू काढून घेतला.

"त्या दुपारचा शेवटचा तू मागितला होतास?"

"नाही." ताचो हे पटकन म्हणाला. "मी सरळ मागितला. तू मान हलवलीस. पुन्हा मागितला, पुन्हा हलवलीस. एन्सिनासला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. म्हटलं, संपलं. घातला ह्याने स्वतःच्या हाताने धोंडा पायावर. आणि मग तो चुकला."

"का चुकला?"

"ते मला काय विचारतोस? मी चेंडू झेलला, मन नाही."

"तुला काय वाटतं?"

ताचो दुसरीकडे बघू लागला. बुएल्नाने त्याचा मोजा धरून ओढला. "इकडे बघून सांग."

"मला ठाऊक नाही, नासारियो," ताचो म्हणाला, इकडे बघून. "खरंच ठाऊक नाही. मीही पुष्कळ विचार केलाय."

त्याची पाळी आठव्या डावात आली. त्याचा बंदराचा संघ एका धावेने पुढे होता, समोर कुलियाकानचे दोन गडी धावेसाठी टपून तळांवर उभे होते, आणि बॅट घेऊन आला तो गाक्सिओला, विशीतला, मानेवर सोन्याची साखळी, सगळ्या किनाऱ्यावर ह्या वर्षी ज्याच्या फटक्यांची चर्चा होती तो. लोकांनी बुएल्नाला बघून टाळ्या वाजवल्या. वरून कोणी तरी ओरडलं, "चल रे डावऱ्या, झोपव त्याला!" तो मातीच्या उंचवट्यावर चढला आणि पायाने माती सारखी केली. त्याला हात हलका वाटत होता. सकाळपासून तो पहिल्यांदाच शांत होता.

नव्या कॅचरने वळणारा मागितला. ह्या पोराला ताचोचा हिशेब कोण सांगणार? बुएल्नाने मान डोलावली. मोजा छातीशी धरला, तोंडापुढे नाही. जीभ निघाली आणि त्याने तिला जाऊ दिलं. गाल फुगला. त्याने तो तसाच राहू दिला, नेहमीपेक्षा क्षणभर जास्त, आणि पहिल्यांदाच चेंडू टाकण्याआधी त्याने फलंदाजाच्या तोंडाकडे बघितलं. गाक्सिओलाचे खांदे किंचित सैल झाले. बॅटवरची बोटं उघडून पुन्हा मिटली. ठाऊक होतं त्याला. कुलियाकानपर्यंत गेली होती तर गंमत.

त्याने वळणारा टाकला. गाक्सिओला थांबला, अगदी बरोबर थांबला, घाई केली नाही, ज्याला काय येणार ते ठाऊक आहे तोच थांबेल तसा थांबला, आणि सगळी ताकद लावून बॅट फिरवली. तिथे चेंडू नव्हता. बॅटच्या ओढीने तो अर्धा वळून एका गुडघ्यावर आला आणि तिथूनच त्याने वर बघितलं. त्याच्या तोंडावर जे होतं ते बुएल्नाला वाचता आलं. ते सोपं होतं. ठाऊक असून हुकलेल्या माणसाला स्वतःच्या हातांचं जसं आश्चर्य वाटतं, तसं त्याला वाटत होतं. त्यात कोणावर उपकार नव्हता, कोणाची बस उभी नव्हती.

होतं असं. होऊ शकतं.

कॅचरने आता सरळ मागितला. शहाणपणाचं तेच होतं. ताचोनेही बाकावरून मोजा डोक्यावर ठेवून तीच खूण केली. बुएल्नाने मान हलवली. पोराने पुन्हा मागितला. बुएल्नाने पुन्हा हलवली. हे संघाच्या हिताचं नव्हतं, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. दुसऱ्यांच्या सामन्यात तो स्वतःचा प्रश्न विचारत होता. पण एकदा मिळालेलं उत्तर चुकून मिळालं नाही ना, हे बघायची हाव सुटत नव्हती. जीभ गेली. गाल फुगला. पुन्हा वळणारा, पहिल्यासारखाच, तसूभर कमी नाही. गाक्सिओलाने तो उजव्या भिंतीच्या पलीकडे मारला, इतका लांब की मैदानातला गडी मागे धावलासुद्धा नाही, नुसता मान वर करून उभा राहिला.

 मग हुर्यो उडवत शिट्ट्या सुरू झाल्या. कोणी तरी खालच्या रांगेतून ओरडलं, "अरे, त्याला पत्ता देऊन पाठवतोस का चेंडू?" आणि लोक हसले. बुएल्नाही हसला असता. व्यवस्थापक मान खाली घालून चालत आला, त्याने हात पुढे केला, बुएल्नाने चेंडू त्याच्या हातात ठेवला. 

बाकावर आला तेव्हा मंडळी सरकली. त्याच्या शेजारी जागा मोकळी झाली, नेहमीसारखी, दोन्ही बाजूंना. बाकीच्यांनी मैदानाकडे बघायला सुरुवात केली. कोणी तरी दुसरीकडे बघत पाण्याचा पेला पुढे केला. बुएल्नाने तो घेतला नाही.

"ताचो," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "इकडे येऊन बस."

ताचो आला. गुडघे धरून बसला. "सामना घालवलास," तो म्हणाला.

"घालवला."

"दोनदा मान हलवलीस."

"त्या दुपारीही हलवली होती." बुएल्नाने खाली वाकून उजव्या बुटाची नाडी सोडायला घेतली. सामना संपायच्या आधी पिचर बूट काढत नाही. पुढच्या बाकावरच्या दोघांनी ते बघितलं आणि डोळे फिरवले. "बघितलंस ना? पहिला चुकला तो. ठाऊक असून चुकला."

"दुसरा लागला."

"हो, दुसरा लागला," बुएल्ना म्हणाला. "चांगला मारला त्याने." त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली, दोन्ही बूट काढून बाकाखाली एकाला एक लावून ठेवले, आणि पायमोज्यांतली पावलं गार सिमेंटवर टेकवली. त्याला बरं वाटत होतं. वर शिट्ट्या चालू होत्या. त्याने ताचोकडे तोंड वळवलं, नीट, पूर्ण, कुठलाही गाल न लपवता.

"आता ते सगळं सांग," तो म्हणाला. "कुणाला मी काय टाकलं आणि तू काय लपवलंस ते. पहिल्या वर्षापासून सांग."